जुन्या गाडीची घरगुती दुरुस्ती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, तंजावरचे भोसले, किंवा याच कुंभकोणम नगरीत १८२८ साली जन्मलेले सर टी. माधवराव यांची कारकीर्द, असे विषय शोभतात. त्या पंगतीत जुन्या मोटारीच्या दुरुस्तीचा विषय बसवावा ही कल्पना आमची नव्हे, मंडळाच्या चिटणीसांची. पापनाशम् येथे आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभर काय उद्योग चालला होता, तो त्यांनी येता-जाता पाहिला होता. "जे केलेत तेवढेच सांगा, पांडित्य नको," असे त्यांनी आम्हांस बजावले आहे. त्या आज्ञेला धरूनच आम्ही बोलणार आहोत. शेवटी मात्र मंडळापुढे एक सूचना ठेवायची आहे. तिचा गाडीशी जेवढा संबंध आहे, त्याहून अधिक आपल्या मुलांच्या मराठीशी आहे.

येथे आज बाहेरगावचेही पाहुणे आहेत, म्हणून गावाविषयी दोन शब्द. कुंभकोणमहून तंजावरकडे जाताना वाटेत, कावेरीच्या फाट्यांनी भिजवलेल्या भातशेतीत आमचे पापनाशम् वसले आहे. तिरुनेलवेलीकडे याच नावाचे दुसरे गाव आहे, ते हे नव्हे. आमचे गाव एकशे आठ शिवलिंगांच्या देवळासाठी प्रसिद्ध आहे. नावाप्रमाणे येथे पापाचा नाश होत असेलही. परंतु पोलादाचा नाश येथे फार लवकर होतो, हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस, बारा महिने दमट हवा आणि चहूंकडे पाण्याने भरलेली खाचरे. अशा हवेत उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत दिसली तरी खालून कुजत असते.

ही गाडी म्हणजे मारुती ८००. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ती कधी ना कधी होती. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ साली स्थापन झाली, १९८२ साली जपानच्या सुझुकीशी तिचा करार झाला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. तोपर्यंत अँबॅसडर आणि फियाट पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना ही गाडी खेळण्यासारखी वाटली. मागे बाहेर आलेली पेटी नाही. काचेसकट वर उचलला जाणारा दरवाजा, तीच तिची डिकी. यालाच हॅचबॅक म्हणतात. ७९६ घन सेंटिमीटरचे तीन सिलिंडरचे इंजिन, ४० अश्वशक्तीच्या आसपास ताकद, आणि वजन जेमतेम साडेसहाशे किलो. २०१० साली प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले तेव्हा मोठ्या शहरांतून तिची विक्री थांबली आणि जानेवारी २०१४ मध्ये उत्पादनच बंद झाले. तोपर्यंत देशात पंचवीस लाखांहून अधिक मारुती ८०० विकल्या गेल्या होत्या.

हरपाल सिंग यांनी ती पहिली गाडी आयुष्यभर आपल्यापाशी ठेवली. २०१० साली त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर ती घराबाहेर गंजत उभी राहिली. पुढे कंपनीने ती नेऊन मूळच्या सुट्या भागांनिशी दुरुस्त केली आणि २०२२ साली आपल्या मुख्य कार्यालयात मांडून ठेवली. हे योग्यच झाले; ती इतिहासाची वस्तू आहे. आमच्यापुढचा प्रश्न मात्र वेगळा होता. आमची गाडी इतिहासाची नव्हती, घरची होती, आणि आम्हांला ती मांडून ठेवायची नव्हती, चालवायची होती.

आमच्या तीर्थरूपांनी १९९७ साली सातारा येथे ती घेतली. त्यांच्या पश्चात ती आमच्याबरोबर २०१३ साली पापनाशमला आली. परराज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी ठेवायची तर तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, हा नियम येथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक असेल. साताऱ्याच्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला, येथला कर, येथला अर्ज, असे सोपस्कार होऊन एमएच-११ ची पाटी उतरली आणि कुंभकोणमची टीएन-६८ ची पाटी चढली. आमच्या मातुःश्रींनी जुनी पाटी पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली. त्या काही बोलल्या नाहीत. आम्हीही काही विचारले नाही.

२०१८ नंतर गाडी उभीच राहिली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे पाच पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. आमची मुदत २०२२ साली संपणार होती. त्याच सुमारास, २०२१ मध्ये, केंद्र सरकारने जुन्या गाड्या स्वेच्छेने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले, आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये होणार हेही कळले. भंगारवाला दोनदा दारी येऊन गेला. निर्णय लांबवण्याची सोय उरली नव्हती. मुलांच्या शाळा महामारीमुळे बंद होत्या. हाताशी वेळ होता, आणि घरात चार माणसांचे आठ हात रिकामे होते. २०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही कामाला हात घातला.

आरंभी आम्ही एका वहीत तीन रकाने आखले. पहिल्यात, जे मूळ होते तसेच परत आणायचे ते. दुसऱ्यात, जे मूळचे असले तरी आता बदलणे भाग आहे ते. तिसऱ्यात, जे बदलता येईल पण बदलायचे नाही ते. जुन्या गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही वही आधी करावी. एरव्ही पैसा पहिल्यांदा तिसऱ्या रकान्यात जातो, आणि पहिल्यासाठी काही उरत नाही.

पहिला रकाना पत्र्याचा. जीपसारख्या गाडीला खाली पोलादी चौकट असते आणि पेटा तिच्यावर बसवलेला असतो. मारुतीला अशी वेगळी चौकट नाही. दुमडून, जोडून केलेला पत्र्याचा पेटा हीच तिची चौकट. त्यामुळे तिला लागलेला गंज हा केवळ रूपाचा दोष राहत नाही, तो हाडांचा रोग होतो. आम्ही आतली जाजमे उचलली, तेव्हा पुढच्या आसनाखालची जमीन पेचकसाच्या टोकाने टोचली गेली. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात. ती धुळीने बुजली होती आणि दारे आतून पाणी धरून बसली होती. चाकाच्या कमानीवर कोणी तरी कधी काळी गंजावरच पुटी भरून रंग दिला होता. ती पुटी ठोकल्यावर पोकळ वाजली आणि ढलपी निघाली.

यावर उपाय एकच. गंजलेला भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून काढायचा, त्याच जाडीचा नवा पत्रा बेतायचा आणि वेल्डिंग करायचे. हे काम आम्ही स्वतः केले नाही. गावातील एका अनुभवी मिस्त्रींना घरी बोलावले. त्यांच्या सांगण्यावरून आधी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी काढून दूर नेली, आसने व जाजमे बाहेर काढली, आणि वाळूची बादली जवळ ठेवली. सलग वेल्डिंग केले तर पातळ पत्रा तापून वाकतो. म्हणून ते एक ठिपका येथे, एक तेथे असे जोडत गेले. त्यानंतर प्रायमर, सांध्यांत लुकणासारखा सीलर आणि पोकळ जागी मेण. दारांची भोके आमच्या कन्येने तारेने मोकळी केली. ती अजूनही दर पावसाळ्यापूर्वी ती तपासते.

दुसरे काम ब्रेकचे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, हे पुष्कळांना माहीत नसते. ओलावा मिसळलेले तेल कमी उष्णतेला उकळते. त्यात बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जात असल्यामुळे पाय खाली गेला तरी ब्रेक लागत नाही. शिवाय आतून सिलिंडरला खड्डे पडतात ते निराळेच. आम्ही मास्टर सिलिंडर व मागच्या चाकांचे सिलिंडर नवे घातले, रबरी नळ्या बदलल्या आणि पोलादी नळ्या टोकापासून टोकापर्यंत तपासल्या. त्यानंतर हवा काढणे. या कामाला दोन माणसे लागतात. एकाने आत बसून पाय दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकापाशी बसून निपल सोडायचा, बुडबुडे तेलाबरोबर पारदर्शक नळीतून बाहेर पडू द्यायचे, आणि पाय उचलण्यापूर्वी निपल पुन्हा आवळायचा. सर्वांत लांबच्या चाकापासून आरंभ करायचा. एकमेकांना दिसत नसताना केवळ हाकेवर हे चालते. "दाब" म्हटले की दाबायचे, "सोड" म्हटले की सोडायचे. मिस्त्री शेजारी उभे राहून "मेल्ल, मेल्ल" म्हणत होते, म्हणजे हळू, हळू. चार चाके पुरी होईपर्यंत संध्याकाळ झाली. गाडीत आमचे चिरंजीव होते आणि चाकाशी त्यांची आई. इतका वेळ त्या दोघांनी एकमेकांचे निमूट ऐकले, असा प्रसंग त्या वर्षात दुसरा आला नाही!

येथे तरुण मित्रांना एक सूचना करतो. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरासुद्धा, शिरायचे नाही. सपाट पक्क्या जमिनीवर लोखंडी घोड्या लावून, गाडी त्यांवर बसली आहे याची खात्री करूनच खाली जायचे. आमच्या शेडमध्ये हा नियम भिंतीवर खडूने लिहिला होता.

आता दुसरा रकाना, म्हणजे बदलणे भाग होते ते. १९९७ सालची ही गाडी त्या काळच्या पेट्रोलसाठी घडवलेली. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांवर आणि २०२५ साली २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल जुन्या पद्धतीच्या रबराला सोसत नाही. नळ्या फुगतात, चिरतात, झिरपू लागतात, आणि तापलेल्या इंजिनाशेजारी झिरपणारे पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण होय. म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटे इथेनॉल सोसणारी घातली. इथेनॉलला तेवढ्याच हवेसाठी अधिक इंधन लागते. आधुनिक गाडीतील यंत्रणा हे आपोआप जुळवून घेते, कार्ब्युरेटरला ते हाताने जुळवून द्यावे लागते. गाडी जशीच्या तशी मूळ ठेवण्याचा हट्ट आम्ही येथे धरला असता, तर त्या हट्टानेच ती संपली असती.

पुढच्या दिव्यांचेही तसेच. जुन्या रचनेत दिव्याचा सगळा प्रवाह दांडीच्या बटणातून फिरून जातो; वाटेत दाब घटतो आणि उजेड पिवळट पडतो. अनेक जण अधिक वॅटचे बल्ब घालतात, त्याने तारा तापतात व समोरच्याचे डोळे दिपतात. आम्ही बल्ब नेमून दिलेल्या वॅटचेच ठेवले आणि रिले बसवून प्रवाह बॅटरीकडून फ्यूजमार्गे जाड तारेने थेट दिला. उजेड तेवढ्यानेच सुधारला. मागच्या आसनांना पट्टे नव्हते. पत्र्याला नुसते भोक पाडून बोल्ट मारल्यास धक्क्याच्या वेळी तो पत्रा फाडून निघतो, म्हणून हे काम जाणत्या कार्यशाळेत, मागून जाड पोलादी पट्टी देऊन करवून घेतले. इंजिनाचा टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप व रेडिएटरच्या नळ्या बदलल्या. थर्मोस्टॅट मात्र काढला नाही. उष्ण मुलखात तो नको, अशी येथे समजूत आहे; परंतु तो नसला तर इंजिन योग्य उष्णतेला यायला फार वेळ घेते, पेट्रोल अधिक खाते आणि आतून झिजते.

तिसऱ्या रकान्यावरून घरात खरा वाद झाला. चिरंजीवांना रुंद चाके, खाली बसवलेल्या स्प्रिंगा आणि गर्जणारा सायलेन्सर हवा होता. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीपुस्तिकेतील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाहून वेगळे होतील असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये यावर शिक्कामोर्तब केले आहे. हे त्यांना वाचून दाखवले. तेवढ्याने सतरा वर्षांच्या मुलाचे समाधान होत नसते. मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो. रुंद चाकाने स्टिअरिंग किती जड होईल, बेअरिंगवर भार कसा तिरपा पडेल, आपल्या गल्लीतील गतिरोधकावर गाडी कोठे घासेल, हे सर्व त्यांनीच मोजून काढले. त्यानंतर सायलेन्सरचा विषय आपोआप मागे पडला.

कन्येचा वाद अधिक अवघड होता. तिला तांबडी गाडी निळी हवी होती. रंग नोंदणीपुस्तिकेत लिहिलेला असतो. बदलायचा तर परिवहन कार्यालयात रीतसर नोंद करून घ्यावी लागते. ते अशक्य नव्हते. आम्ही म्हणालो, "मूळचा रंग तांबडा आहे." त्यावर ती म्हणाली, "बाबा, मूळचे म्हणजे कोणाचे? कंपनीचे की आजोबांचे? डिकीत बिजागरीची फळी आजोबांनीच बसवली आहे ना? ती कंपनीची नाही. मग तीही काढा."

या प्रश्नाने आम्हांस विचारात पाडले. कारखान्यातून निघालेली गाडी एका दिवसाची असते. त्यानंतरची चोवीस वर्षे ती एका घराची होती. तीर्थरूपांनी गुळाच्या ढेपी ठेवण्यासाठी केलेली ती सागवानी फळी मूळची नाही, पण उपरीही नाही. जे वापरातून आले आणि वापरात टिकले, ते त्या वस्तूचे झाले. केवळ मिरवण्यासाठी आले, ते तिचे झाले नाही. वहीतील तीन रकान्यांचा अर्थ आम्हांस त्या दिवशी नीट कळला. फळी राहिली. बाहेरचा रंग सर्वानुमते तांबडाच राहिला, आणि आसनांची आच्छादने कन्येने तिच्या पसंतीच्या निळ्या चौकडीच्या सुती हातमागाच्या कापडाची शिवून घेतली. २०२२ साली गाडी तपासणीत उतरली आणि तिला पुढील पाच वर्षांची मुदत मिळाली.

हिशेबही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. झालेला खर्च गाडीच्या बाजारभावाहून अधिक आहे. या गाडीला एअरबॅग नाहीत, अपघातात आजच्या गाडीइतके संरक्षण ती देणार नाही. म्हणून महामार्गावर वा रात्रीच्या लांबच्या प्रवासाला आम्ही ती काढत नाही. बाजार, स्टेशन, कुंभकोणम, क्वचित तंजावर, एवढीच तिची धाव. पैसे वाचवायचे म्हणून कोणी या वाटेला जाऊ नये.

मग लाभ काय झाला? बंधुभगिनींनो, त्यासाठीच आज येथे उभे राहिलो आहोत.

आमची मुले येथे वाढली. शाळेत इंग्रजी, गल्लीत तमिळ. तमिळ त्यांची उत्तम आहे, आणि ती असावीच. ज्या भूमीचे अन्न खातो तिची भाषा न येणे हे भूषण नव्हे. मराठी मात्र त्यांच्या वाट्याला दोनच प्रसंगी येत असे, आरतीच्या वेळी आणि रागावण्याच्या वेळी. "जेवायला ये", "अभ्यास कर", "सुखकर्ता" आणि मंडळाच्या स्पर्धेत पाठ केलेले भाषण, एवढ्यावर कोणतीही भाषा जगत नाही. तिला काम लागते.

शेडमध्ये तिला काम मिळाले. आटे, खाच, चकती, खिट्टी, बिजागरी, पाचर, झडप, दट्ट्या. सैल आणि घट्ट. पोचा आणि चरा. गळणे वेगळे आणि पाझरणे वेगळे. हे शब्द आम्ही शिकवले नाहीत. हातात वस्तू होती आणि तिला नाव हवे होते, म्हणून ते आले. मिस्त्री गंजाला "तुरु" म्हणत; मुलांनी दोन्ही शब्द उचलले आणि योग्य माणसापाशी योग्य शब्द वापरला. सर्वांत मोठा लाभ झाला तो आवाजांच्या बाबतीत. आपल्या भाषेत ध्वनीच्या शब्दांची जी श्रीमंती आहे तिचा उपयोग कवींइतकाच मेकॅनिकलाही आहे, हे आमच्या ध्यानी आले नव्हते. गाडी कुरकुरते तेव्हा रबरी बुश पाहावा. खडखडते तेव्हा सैल झालेला पत्रा किंवा सायलेन्सरची कडी. चाकाकडून घरघर येते तेव्हा बेअरिंग. फुरफुर आली तर सायलेन्सरचा सांधा उघडला. टकटक आली तर झडपांचे अंतर तपासावे. "बाबा, आज खडखड नाही, घरघर आहे," असे कन्येने चालत्या गाडीतून सांगितले, तेव्हा दोष निम्मा सापडला होता. इंग्रजीत ती "नॉइज येतोय" एवढेच म्हणाली असती, आणि आम्ही चारही चाके उघडली असती.

तंजावरकडील आपल्या मराठी बांधवांसमोर हे सांगताना संकोच वाटतो, कारण ही गोष्ट त्यांनी आमच्या कितीतरी आधी सिद्ध केली आहे. १६७६ साली व्यंकोजीराजांची सत्ता तंजावरला आली आणि १८५५ साली ते राज्य संपले. राजाश्रय जाऊन दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी येथील कित्येक घरांत मराठी बोलली जाते. तिच्यात आपण महाराष्ट्रात विसरलेली जुनी रूपे आहेत, आणि तमिळमधून आलेले शब्दही आहेत. पुण्याहून आलेले पाहुणे कधी कधी तिला हसतात. त्यांनी आमच्या वहीतील रकाने पाहावेत. जोडणीचा सांगाडा मूळचा राहिला, हवेला व मुलखाला जे लागले ते बदलले, आणि यंत्र चालत राहिले. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा मराठी लेख आहे, सरस्वती महालात मोडी कागदांचे रुमाल आहेत. ते ठेवे अनमोल आहेत. परंतु ती बोली त्या ठेव्यांनी टिकवली नाही. स्वयंपाकघरात, हिशेबात, देवघरात आणि भांडणात ती रोज वापरली गेली, म्हणून ती टिकली. गलाईच्या धंद्यासाठी खानापूर-आटपाडीकडून दक्षिणेत आलेल्या आमच्या बांधवांकडेही हेच दिसते. मुशीपुढे बसलेल्या मुलाला धंद्याचे शब्द मराठीत येतात. शाळेनंतर मुशीपुढे बसणे थांबले की पुढच्या पिढीत ते शब्दही थांबतात.

आता सूचना. दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी दोन तास मंडळाच्या अंगणात दुरुस्तीची बैठक भरवावी. ज्याच्या घरी जे मोडले असेल ते त्याने आणावे: सायकल, शिवणयंत्र, कुकरची मूठ, मिक्सर, पायलीचा निखळलेला कडा. ज्येष्ठांनी हात दाखवावा, मुलांनी हात चालवावा. गावातील तमिळ मिस्त्रींना मानाने बोलवावे, त्यांची बिदागी द्यावी, त्यांचे शब्दही शिकावेत. घरी मराठी बोलणाऱ्यांनी तेथे मराठीत बोलावे, एवढा एकच नियम. भाषणे नकोत, बक्षिसे नकोत. आमच्या पान्यांची पेटी आणि दोन लोखंडी घोड्या आम्ही मंडळाच्या स्वाधीन करतो. पहिली बैठक आमच्या शेडमध्ये घेण्यासही आमची हरकत नाही.

जाता जाता कायद्याची एक गंमत सांगतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'विंटेज' म्हणून नोंद मिळू शकते. मान मोठा आहे, पण अट अशी, की अशी नोंद घेतलेल्या गाडीने रोजच्या कामासाठी रस्त्यावर यायचे नाही. प्रदर्शन, फेरी, फार तर देखभाल आणि पेट्रोल भरण्यापुरतेच बाहेर पडायचे. आपल्या मंडळाला आज पन्नास वर्षे पूर्ण झाली. गणेशोत्सव, हळदीकुंकू आणि स्मरणिका एवढ्यापुरतेच बाहेर पडायचे असेल, तर ही नोंद आपल्यालाही सहज मिळेल. आमची विनंती आहे की कार्यकारी मंडळाने तो अर्ज करू नये.

सूचनेवर विचार व्हावा, ती स्वीकारल्यास पहिल्या बैठकीचा दिवस आजच ठरावा.